नुसतं चिकटून भागत नाही: करोना विषाणूची प्रथिनं आणि माणसाची पेशी

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला लोक जातात ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला. त्याच गावात पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं ग्रामीण आरोग्याचं काम कितीतरी वर्षं चालू आहे. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांमधले जन्म, मृत्यू, स्थलांतर यांच्या घरोघर फिरून केलेल्या नोंदी तिथे ठेवल्या जातात. २०२० आणि २०२१ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशिल्ड आणि कोवोव्हॅक्स या दोन्ही लशींच्या चाचण्यांत हे केंद्र सामील होतं. दोन्ही लशी शरीराला ओळख करून देतात ती एकाच गोष्टीची, करोना विषाणूच्या स्पाइक प्रथिनाची. मात्र कोविशिल्ड घेतल्यावर आपल्या पेशी जे स्पाइक बनवतात ते विषाणूच्या अंगावर असतं तसंच्या तसं, आणि कोवोव्हॅक्समधलं मुद्दाम फेरफार केलेलं. १,२७३ अमिनो आम्लांच्या साखळीत अवघे पाच फेरफार. ते पाचच का, आणि नेमके तिथेच का, याचं उत्तर द्यायचं तर हा विषाणू माणसाच्या पेशीला कसा धरतो हा सगळाच प्रश्न उलगडावा लागतो.

या प्रश्नाला एक सोपं उत्तर २०२० पासून घराघरात पोचलेलं आहे: स्पाइक ही किल्ली, पेशीवरचं एसीई-२ हे कुलूप, किल्ली बसली की दार उघडलं. टीव्हीवर हेच सांगितलं गेलं, शाळेच्या ऑनलाइन तासांत हेच शिकवलं गेलं. सुरुवात म्हणून ते ठीक होतं. पण गेल्या पाच-सहा वर्षांत या प्रथिनांच्या रचनांवर जे काम झालं ते वाचत गेलं की हे चित्र मदत कमी आणि दिशाभूल जास्त करतं असं माझं मत झालं आहे. विषाणू किती घट्ट चिकटतो एवढ्यावर सगळं ठरत नाही. चिकटणारा भाग कधी उघडा पडतो, चिकटल्यावर स्पाइकला कोण कापतं, आणि आत शिरल्यावर विषाणूची बाकीची प्रथिनं पेशीतल्या कुणाकुणाला धरतात, यांचा वाटाही तेवढाच मोठा आहे. महाराष्ट्रात हे आपण डेल्टाच्या रूपाने पाहिलं, आणि त्याचा रचनात्मक अभ्यासही इथेच, पुण्यात झाला.

आधी चिकटण्याबद्दलच पाहू. चीनमधून विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली ती जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात. फेब्रुवारीत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या जेसन मॅक्लेलन यांच्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने स्पाइकची त्रिमितीय रचना मांडली. मार्चच्या अखेरीस, आपल्याकडे लॉकडाउन लागून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या गटाने स्पाइकचा चिकटणारा तुकडा आणि माणसाचं एसीई-२ हे एकमेकांना धरून बसलेले असतानाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. तिचा स्पष्टपणा २.४५ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, त्यामुळे एकेका अमिनो आम्लाची बाजूची फांदी कुठे वळली आहे तेही या रचनेत दिसतं. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, देशातल्या सुरुवातीच्या एका रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून विषाणूचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं छायाचित्र घेतलं होतं. त्यातला कण साधारण ७५ नॅनोमीटरचा, म्हणजे ७५० अँगस्ट्रॉमचा. कण डोळ्यांना दिसणं आणि त्याच्या प्रथिनातला एकेक अणू नकाशावर मांडणं यांत एवढं अंतर आहे.

त्सिंगहुआची ती रचना प्रोटीन डेटा बँकेत ‘६एम०जे’ या क्रमांकाने ठेवलेली आहे आणि मोबाइलवरसुद्धा फुकट उघडता येते. प्रत्येक रचनेच्या तपासणी अहवालात रामचंद्रन आलेख असतो, मद्रासमध्ये गो. ना. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही हे तो सांगतो. ज्या रचनांवर सगळं जग लशी बेतत होतं, त्या या भारतीय चाळणीतून गेलेल्या होत्या.

रचना उघडून जवळ गेलं की पहिली गोष्ट नजरेत भरते ती ही, की तिथे भोक नाही आणि दातेही नाहीत. एसीई-२ च्या कडेला एक लांब, मळसूत्री वळणाची हेलिक्स आहे. स्पाइकचा चिकटणारा भाग जरा खोलगट आहे आणि तो त्या हेलिक्सवर आडवा टेकलेला आहे. चार अँगस्ट्रॉमच्या आत एकमेकांजवळ आलेली अमिनो आम्लं मोजली तर स्पाइकची १७ आणि एसीई-२ ची २० भरतात. एकेक जोडी घ्या. स्पाइकच्या ४१७ व्या जागी लायसिन आहे, धनभारित. समोर एसीई-२ च्या ३० व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल, ऋणभारित. दोघांत थेट विद्युत आकर्षण. दुसऱ्या टोकाला स्पाइकचं ४८६ वं फेनिलॲलानिन, पाण्यापासून दूर राहू पाहणारं, एसीई-२ च्या ७९, ८२ आणि ८३ या जागांच्या मधल्या खळगीत शिरलेलं. आणि तिसरीकडे ५०१ वं अस्पॅराजिन, एसीई-२ च्या ३५३ व्या लायसिनच्या आणि ४१ व्या टायरोसिनच्या अगदी शेजारी.

या ३५३ व्या जागेवर जरा थांबायला हवं. उंदराच्या एसीई-२ मध्ये तिथे लायसिनऐवजी हिस्टिडिन आहे, आणि मूळ वुहान विषाणू साध्या उंदरांना लागत नव्हता त्याचं हे एक मोठं कारण. त्यामुळेच प्रयोगशाळांना माणसाचं एसीई-२ बसवलेले उंदीर किंवा दुसरे प्राणी शोधावे लागले. एनआयव्हीने कोवॅक्सिन तपासलं ते सीरियन हॅमस्टर आणि ऱ्हीसस माकडांवर. या माकडांच्या एसीई-२ चा चिकटण्याचा पट्टा हुबेहूब माणसासारखा आहे. हॅमस्टरमध्ये ३४ आणि ८२ या जागा वेगळ्या आहेत, तरी विषाणूचं काम अडत नाही. पुढे ज्या विषाणूंत ५०१ व्या जागी टायरोसिन आलं, ते साध्या उंदरांनाही लागू लागले. एका जागेच्या बदलाने यजमान प्राण्यांची यादी लांबते, ती अशी.

आता घट्टपणा. इथे संशोधकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत यातच खरी मेख आहे. मॅक्लेलन यांच्या गटाने सांगितलं की नवा विषाणू २००२-०३ च्या सार्सपेक्षा दहा ते वीस पट घट्ट चिकटतो. बीजिंगच्या गटाला सुट्या भागांवर हा फरक सहा-सात पटींचा दिसला. सिएटलच्या गटाला त्याहून कमी. मिनेसोटाच्या फांग ली यांच्या गटाने आणखी वेगळीच गोष्ट दाखवली: नुसता चिकटणारा तुकडा घेतला तर नवा विषाणू जास्त घट्ट, पण सबंध स्पाइक घेतलं तर तो जुन्या सार्सच्या पुढे नाही. स्पाइक हे तीन साखळ्यांचं मिळून बनलेलं असतं आणि प्रत्येक साखळीचा चिकटणारा भाग खाली झुकलेला किंवा वर उठलेला असू शकतो. खाली असताना तो एसीई-२ ला धरूच शकत नाही. नव्या विषाणूत तो बराच वेळ खालीच असतो. म्हणजे धरण्याची ताकद मोठी, पण ती झाकून ठेवलेली. झाकलेली असल्याने प्रतिपिंडांच्याही नजरेआड.

झाकणं नुसत्या झुकण्याने होत नाही. स्पाइकच्या प्रत्येक साखळीवर २२ जागी साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात, तिन्ही मिळून ६६. माणसाच्याच पेशीने लावलेल्या असल्याने आपल्या प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटत नाहीत. सॅन दिएगोच्या रोमी आमारो यांच्या गटाने संगणकावर या सगळ्याची हालचाल चालवून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की १६५ आणि २३४ या जागांवरच्या साखरा नुसत्या आडोसा धरत नाहीत, वर उठलेल्या भागाला खालून टेकूही देतात.

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये युरोपात पसरू लागलेला डी६१४जी हा बदल याच हिशोबात बसतो. ६१४ वी जागा एसीई-२ पासून बरीच लांब. तिथलं ॲस्पार्टिक आम्ल शेजारच्या साखळीला धरून होतं; त्याजागी ग्लायसिन आल्यावर तो धागा सुटला आणि चिकटणारा भाग जास्त वेळ वर राहू लागला. हा विषाणू काही महिन्यांत जगभर झाला. चिकटण्याच्या पट्ट्यातला एकही अणू न बदलता.

धरल्यानंतरचं काम कापण्याचं. स्पाइकला दोन ठिकाणी कापावं लागतं, तेव्हाच त्याचा आतला भाग उलगडून पेशीच्या पडद्यात घुसतो आणि विषाणूचा पडदा पेशीच्या पडद्यात विलीन होतो. पहिला काप एस१ आणि एस२ या दोन भागांच्या सांध्यावर, फ्युरिन नावाच्या एन्झाइमने, आणि तोही विषाणू जुन्या पेशीतून बाहेर पडण्याच्या आधीच. या सांध्यावर ६८१ ते ६८५ या जागांवर प्रोलिन-आर्जिनिन-आर्जिनिन-ॲलानिन-आर्जिनिन असा क्रम आहे. जुन्या सार्समध्ये तो नव्हता. दुसरा काप एसीई-२ ला धरल्यानंतर, पेशीच्या पृष्ठभागावरच्या टीएमपीआरएसएस-२ या एन्झाइमने. ते हाताशी नसेल तर विषाणू पेशीच्या आतल्या पिशवीत ओढला जातो आणि तिथलं कॅथेप्सिन एल त्याला कापतं.

दोन वाटांची ही गोष्ट दौंडशी येऊन भिडते. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबईच्या बंदोबस्तावरून दौंडला परतलेल्या राज्य राखीव पोलिस दलाच्या जवानांमध्ये संसर्ग आढळला. याच मे महिन्यात आयसीएमआरने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रतिबंधक म्हणून घ्यावं ही आपली मार्चमधली सूचना पोलिस आणि निमलष्करी दलांपर्यंत वाढवली. सूचनेमागे प्रयोगशाळेतला आधार होता: हे औषध दिलं की व्हेरो पेशींमध्ये विषाणूची वाढ थांबते. व्हेरो पेशी आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातल्या. विषाणू वाढवायला त्या सोयीच्या म्हणून एनआयव्हीसकट सगळीकडे वापरल्या जातात. पण या पेशींमध्ये टीएमपीआरएसएस-२ जवळजवळ नसतं. विषाणूला तिथे पिशवीचीच वाट धरावी लागते, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पिशवीतली आम्लता घालवून कॅथेप्सिनला निकामी करतं. माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींत विषाणू पृष्ठभागावरच कापून घेतो, पिशवीचं त्याला कामच पडत नाही. जर्मनीतल्या गटाने जुलै २०२० मध्ये फुफ्फुसाच्या पेशींवर हेच दाखवून दिलं. त्याआधीच जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने रुग्णांमध्ये या औषधाचा उपयोग नसल्याचं जाहीर केलं होतं. व्हेरो पेशींत विषाणूची वाढ थांबते एवढंच पाहून आणि माणसात तो कोणत्या वाटेने कापला जातो हे न पाहता जवानांच्या हातावर गोळ्या ठेवल्या गेल्या. त्या दिवसांतली घाई समजू शकते. पण पेशीत कोणतं एन्झाइम आहे हा प्रश्न तेव्हाही विचारता येण्यासारखा होता. गावोगाव वाटलेल्या अर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथिक गोळ्यांबद्दल तर असा एखादा प्रश्न विचारायलाही जागा नाही.

कोवोव्हॅक्समधल्या पाच फेरफारांचं उत्तर आता देता येतं. तीन फेरफार फ्युरिनच्या सांध्यावर: तीन आर्जिनिनांच्या जागी ग्लुटामिन, म्हणजे फ्युरिन तिथे कापूच शकत नाही. बाकीचे दोन ९८६ आणि ९८७ या जागांवर, दोन्हीकडे प्रोलिन. प्रोलिन साखळीला ताठ ठेवतं. तिथे ते असलं की स्पाइकचा आतला भाग उलगडून लांब होऊ शकत नाही. ही युक्ती मर्स या दुसऱ्या करोना विषाणूवर काम करताना २०१७ च्या आधीच सापडली होती, आणि फायझर-मॉडर्नाच्या लशींतही तीच आहे. उलगडून गेलेल्या स्पाइकविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड फारसे कामाचे नसतात, कारण विषाणू पेशीला धरतो तेव्हा स्पाइक न उलगडलेलं असतं. कोविशिल्डमध्ये हे प्रोलिन नाहीत. तरी त्या लशीने पेशींवर उभं राहिलेलं स्पाइक तपासलं तेव्हा ते बहुतांशी मूळ, न उलगडलेल्या रूपातच आढळलं. वढूसह देशातल्या केंद्रांवर १,६०० स्वयंसेवकांवर झालेल्या कोविशिल्डच्या चाचणीत दोन डोसांमध्ये चार आठवड्यांचं अंतर होतं आणि रक्तातून मोजले जात होते ते स्पाइकविरुद्धचे प्रतिपिंड. मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिलेल्या कोर्बेव्हॅक्समध्ये तर सबंध स्पाइकही नाही. यीस्टमध्ये बनवलेला नुसता चिकटणारा भाग, दोनशेच्या आसपास अमिनो आम्लांचा. शिरूर-दौंडच्या शाळांतल्या सातवी-आठवीच्या पोरांना मिळालं ते एवढंच, आणि तेवढ्याने काम भागतं.

मग आली दुसरी लाट. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र दिसत आहेत. वर्तमानपत्रांत ‘डबल म्युटंट’ गाजला. प्रत्यक्षात विषाणूत दोनाहून कितीतरी जास्त बदल होते. एनआयव्हीच्या सारा चेरियन, वर्षा पोतदार, प्रज्ञा यादव, प्रिया अब्राहम आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या नमुन्यांचे जनुकक्रम लावले आणि त्यातले स्पाइकवरचे बदल उपलब्ध रचनांवर बसवून पाहिले. त्यांचा लेख जुलै २०२१ मध्ये ‘मायक्रोऑर्गॅनिझम्स’ या नियतकालिकात आला. ४५२, ४७८ आणि ४८४ या चिकटण्याच्या भागातल्या जागा. ६८१ मात्र फ्युरिनच्या सांध्यावर. पहिल्या तिघांमुळे एसीई-२ वरची पकड वाढू शकते आणि काही प्रतिपिंडांची सुटू शकते, चौथ्यामुळे कापणं सोपं होऊ शकतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या चौघांचं पुढे काय झालं हे पाहण्यासारखं आहे. ई४८४क्यू असलेला भाऊबंद, ज्याला कप्पा नाव मिळालं, मागे पडला. एल४५२आर, टी४७८के आणि पी६८१आर असलेला बी.१.६१७.२, म्हणजे डेल्टा, जगभर गेला. ल्युसिन ४५२ एसीई-२ ला स्पर्शही करत नाही, ते पट्ट्याच्या कडेला आहे. तिथे धनभारित आर्जिनिन आल्यावर एसीई-२ च्या ३५, ३७, ३८ या जागांवरच्या ऋणभारित गटांचं आकर्षण थोडं वाढतं, एवढंच. डेल्टाची एसीई-२ वरची पकड मोजली गेली तेव्हा ती मूळ विषाणूपेक्षा माफकच जास्त निघाली. काही मोजमापांत जवळपास तेवढीच. ५०१ व्या जागी टायरोसिन घेऊन आलेल्या ब्रिटनच्या अल्फाची पकड त्याहून कितीतरी घट्ट होती. तरी २०२१ च्या उन्हाळ्यात खुद्द ब्रिटनमध्ये डेल्टाने अल्फाला बाजूला सारलं. जपानच्या केई साटो यांच्या गटाने प्रयोगशाळेत नुसता पी६८१आर हा एकच बदल विषाणूत घातला, तर पेशी भराभर एकमेकींत विलीन होऊ लागल्या आणि हॅमस्टरमधला आजारही वाढला. प्रोलिन जाऊन आर्जिनिन आलं, फ्युरिनचं काम सोपं झालं, पेशीपर्यंत पोचताना विषाणू आधीच कापलेला, तयार. त्या एप्रिल-मे मध्ये पुणे जिल्ह्यात ऑक्सिजनसाठी जी धावपळ झाली तिच्या मुळाशी एकच बदल होता असं कुणी म्हणणार नाही. गर्दी, उशीर, लसीकरणाचा संथ वेग हे सगळं होतंच. पण विषाणूच्या बाजूने पाहायचं तर निर्णायक जागा पकडीच्या पट्ट्यात नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुणे शहरातल्या पाच प्रभागांत केलेल्या सर्वेक्षणात ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंड सापडले होते. शोधले होते ते स्पाइकच्या चिकटणाऱ्या भागाविरुद्धचेच. अर्ध्या लोकांकडे ते असूनही दुसरी लाट आली, त्याची कारणं अनेक. पण प्रतिपिंड ज्या पृष्ठभागावर बसतात त्याच्या कडा ४५२ आणि ४८४ या जागांवर बदलल्या होत्या, हे त्यातलं एक.

ओमायक्रॉनने गणित पुन्हा फिरवलं. डिसेंबर २०२१ च्या पहिल्याच आठवड्यात डोंबिवली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तो सापडला. स्पाइकवर तिसाहून जास्त बदल, त्यातले जवळपास निम्मे चिकटण्याच्या भागात. ४१७ चं लायसिन गेलं, म्हणजे ३० व्या जागेशी असलेलं आकर्षण गेलं. पण ४९३ आणि ४९८ या जागांवर आर्जिनिन आली आणि त्यांनी एसीई-२ च्या ३५ आणि ३८ व्या जागांशी नवे बंध जोडले. कॅनडात श्रीराम सुब्रह्मण्यम यांच्या गटाने ही देवघेव रचनेत दाखवली: पकड जवळपास तीच, पण काही महत्त्वाच्या जोड्या नव्या. एकूण पकड राखून पृष्ठभाग बदलायचा, म्हणजे प्रतिपिंडांना ओळख पटत नाही. शिवाय ओमायक्रॉन टीएमपीआरएसएस-२ चा वापर कमी करतो, पिशवीच्या वाटेने जास्त जातो. खोल फुफ्फुसापेक्षा वरच्या श्वासमार्गात तो जास्त रमला त्याचं हे एक कारण मानलं जातं. पुढे ४८६ च्या फेनिलॲलानिनच्या जागी आधी सेरिन आणि मग प्रोलिन, आणि २०२३ च्या शेवटी आलेल्या जेएन.१ मध्ये ४५५ व्या जागी सेरिन. वर सांगितलेल्या १७ जागांपैकी बऱ्याचशा आता मूळच्या राहिलेल्या नाहीत, आणि तरीही विषाणू त्याच हेलिक्सवर टेकतो.

जाता जाता दोन गोष्टी, कारण त्या अजूनही विचारल्या जातात. रक्तदाबाच्या रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांमुळे करोना बळावतो का? एसीई-२ हे मुळात रक्तदाबाच्या यंत्रणेतलं एन्झाइम, अँजिओटेन्सिन-२ चं रूपांतर करणारं. त्याचं काम चालतं ते जस्ताचा अणू असलेल्या आतल्या घळीत. विषाणू बसतो बाहेरच्या पृष्ठभागावर, तिथून दूर. रामिप्रिल एसीई-२ ला अडवतही नाही. गोळ्या थांबवून पाहण्याच्या चाचण्या झाल्या, फायदा दिसला नाही. दुसरी गोष्ट काढ्यांची. २०२० मध्ये हळद, तुळस, अश्वगंधा यांतला अमुक रेणू स्पाइक आणि एसीई-२ च्या मध्ये बसतो, असं संगणकावर दाखवणाऱ्या लेखांचा पूर आला होता. पण ही जागा सपाट आणि मोठी आहे, दोन्ही बाजू मिळून १,६०० चौरस अँगस्ट्रॉमहून जास्त. छोट्या रेणूला तिथे बूड टेकायलाच जागा नाही. संगणक कुठेतरी बसवून दाखवतोच. बसवायला सांगितलं की बसवतो. जी गोळी प्रत्यक्षात चालली, निरमॅट्रेल्विर, ती या पट्ट्यात बसतच नाही. विषाणूच्या प्रोटिएजमध्ये खोल खळगी आहे, तिथे ती बसते.

आतापर्यंत सगळी चर्चा दाराबाहेरची झाली. विषाणू आत शिरल्यावर त्याची आणखी दोन डझनांहून जास्त प्रथिनं कामाला लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या नेवान क्रोगन यांच्या गटाने एप्रिल २०२० मध्ये त्यातल्या २६ प्रथिनांचे माणसाच्या प्रथिनांशी असलेले ३३२ संबंध मांडले. यातले बहुतेक अजूनही नुसत्या यादीतल्या नोंदी आहेत. काहींची रचना मात्र हाती आली आहे आणि मला ती स्पाइकपेक्षाही जास्त विलक्षण वाटते. एनएसपी-१ या प्रथिनाचं शेपूट, दोन छोट्या हेलिक्सचं, थेट रायबोसोमच्या ४०एस भागात, ज्या बोगद्यातून संदेशवाहक आरएनए जायला हवा तिथेच जाऊन बसतं. १६४ व्या जागी लायसिन आणि १६५ व्या जागी हिस्टिडिन, हे दोघं तिथल्या आरएनएला धरतात. पेशीचं स्वतःचं प्रथिन बनवणं थंडावतं, आणि त्यात इंटरफेरॉनसारखे इशारे देणारे रेणूही बनेनासे होतात. विषाणूचे संदेश मात्र या अडथळ्यातून सुटतात. ओआरएफ-६ हे प्रथिन केंद्रकाच्या पडद्यावरच्या दारात बसलेल्या आरएई-१ आणि एनयूपी-९८ यांना धरतं. त्याच्या टोकाजवळच्या ५८ व्या मेथिओनिनवर सगळी पकड अवलंबून असते. ओआरएफ-९बी तर एकटं असताना पट्ट्यांनी बनलेली जोडी करून राहतं, पण मायटोकॉन्ड्रियावरच्या टॉम-७० ला धरताना तोच भाग हेलिक्स होतो. एकाच साखळीची दोन रूपं, कोण समोर आहे यावर ठरणारी. ठरलेल्या आकाराच्या किल्लीचं चित्र इथे पुरतंच गळून पडतं.

करोना कुळातला प्रत्येक विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ लाच धरतो असंही नाही. सर्दी करणारा करोना विषाणू एचकेयू-१ कशाला धरतो हे अनेक वर्षं अडलेलं होतं. २०२३ मध्ये कळलं की तो टीएमपीआरएसएस-२ लाच धरतो. म्हणजे एकाला जे कापण्याचं हत्यार, ते दुसऱ्याला धरण्याची जागा. मर्स डीपीपी-४ ला धरतो, २२९ई हा एपीएन या वेगळ्याच प्रथिनाला. पोल्ट्रीवाल्यांना ज्याची लस पिल्लांना द्यावी लागते तो आयबीचा (इन्फेक्शियस ब्राँकायटिसचा) विषाणूसुद्धा करोनाच. तो कोंबडीच्या पेशीवरच्या सायलिक आम्लाच्या साखरेवर बसतो, एसीई-२ शी त्याचा संबंध नाही. कोंबडीमुळे करोना होतो या अफवेने फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये पोल्ट्रीधारकांची जी वाट लागली, ती पाहता हे तेव्हाच सांगितलं जायला हवं होतं.

आणि अलीकडची एक नोंद. मर्सच्या कुळातले विषाणू डीपीपी-४ धरतात हा नियम मानला जात होता. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या वटवाघळांतला निओकोव्ह वटवाघळाचं एसीई-२ धरतो असं निघालं; माणसाचं धरायला त्याला एका जागेचा, ५१० व्या जागेचा, बदल पुरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनमधल्या गटाने याच कुळातल्या एचकेयू-५ च्या एका प्रकाराबद्दल लिहिलं की तो माणसाच्या एसीई-२ ला कसल्याही बदलाशिवाय धरतो. रचनेत दिसतं की त्याची बसण्याची तऱ्हा सार्स-कोव्ह-२ पेक्षा वेगळी आहे. त्यामुळे आतापर्यंतच्या लशींनी आणि आजारांनी आपल्यात तयार केलेले प्रतिपिंड तिथे कितपत लागू पडतील हे नव्याने तपासावं लागेल; पण माणसात शिरण्यासाठी फ्युरिन, टीएमपीआरएसएस-२ आणि आतली यंत्रणा या प्रकाराला किती साथ देते, हे मोजण्याची साधनं आता २०२० च्या तुलनेत खूपच तयार आहेत, आणि त्यातली काही पुण्यात पाषाणच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत आहेत.